एका रात्रीत वाळेल ती खोळ

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं कुत्र्यांच्या अंथरुणाबद्दलची निघाली. मे संपत आला की दरवर्षी असंच होतं, कारण पहिली सर पडते आणि घरोघरी तोच कुबट वास सुटतो. ऐरोलीच्या एका ताईंनी बारीकसारीक सगळं लिहून कळवलंय, म्हणून त्यांचं पत्र सविस्तर घेते. बाकीच्यांना थोडक्यात उत्तरं देते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही ऐरोलीला सेक्टर आठमध्ये राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि दीड वर्षाची चकली. चकली म्हणजे सोसायटीच्या गेटपाशी सापडलेली गावठी कुत्री. शेपूट चकलीसारखी वळलेली, म्हणून हे नाव. वजन 17 किलो. ढग गडगडले की ती थरथरते, पलंगाखाली जाऊन अडकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने 36 इंची जाळीचा क्रेट घेतला. सासूबाई त्याला पिंजराच म्हणतात, पण आता चकली स्वतःहून आत जाऊन झोपते. अडचण अंथरुणाची आहे. मी 1,400 रुपयांची तयार गादी मागवली. तिच्यावर धुता येईल असं लिहिलं होतं. पहिल्याच धुण्यात आतलं सगळं भरण एका कोपऱ्यात गोळा झालं, मशीन थडाथडा हादरायला लागलं, गादी वाळायला तीन दिवस लागले आणि तरी वास गेला नाही. आम्हाला बाल्कनी नाही, खिडकीची बॉक्स ग्रिल आहे. मशीन साडेसहा किलोचं, टॉप लोड. हजार रुपयांच्या आत काही होईल का?

उत्तर : होईल. दोन खोळी धरून हजाराच्या आत नक्की बसेल.

तुमच्या पत्रातली मोलाची गोष्ट म्हणजे ते तीन दिवस. गादी घेताना आपण एवढंच विचारतो, की ही धुता येते का? धुता तर सगळंच येतं. खाडीच्या काठावरच्या आपल्या गावांत जून ते सप्टेंबर खरा प्रश्न असतो तो वाळण्याचा. म्हणून दुकानात गेलात की एकच गोष्ट विचारा: रात्री दहाला धुतलं, पिळलं, पंख्याखाली टाकलं, तर सकाळी सातला कोरडं मिळेल का? नाही मिळणार असं वाटलं, तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

हे मला खंड्यामुळे कळलं. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही खारेगावात भाड्याच्या खोलीत राहायचो. मी कपडे शिवून घर चालवायची. खंड्या आमचा पहिला कुत्रा. त्याला छान काहीतरी द्यावं म्हणून दारावर आलेल्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला आणि त्याची छोटी गादी भरून घेतली. जुलैत एकदा तो भिजून आला आणि तसाच तिच्यावर झोपला. गादी वरून दोन दिवसांत कोरडी वाटायला लागली, आत मात्र ओलीच होती. चौथ्या दिवशी उलटून बघितली तर खालच्या बाजूला काळे ठिपके. तोवर खंड्याच्या पोटावर, मांड्यांच्या आत लालभडक चट्टे उठले होते आणि पोर रात्रभर खाजवत होतं. पुढे महिनाभर मलम चाललं. दिवसभर माझ्या हातात कापड असायचं, कोणतं कापड कसं वाळतं हे मला पाठ होतं, आणि त्याच्या अंथरुणाच्या वेळी मी तो विचारच केला नाही. अजून मनाला लागतं ते.

तेव्हापासून माझ्याकडच्या एकाही कुत्र्याला मी एकसंध गादी दिलेली नाही. अंथरूण तीन भागांत करायचं. आत फोमचा तुकडा, तो कधीच धुवायचा नाही. त्यावर पाणी आत जाऊ न देणारी एक खोळ, ती फक्त पुसायची. आणि सगळ्यांत वर साध्या कापडाची खोळ, ती आठवड्याला बदलायची, पावसाळ्यात दर तीन-चार दिवसांनी. मशीनमध्ये जाते ती एवढी वरची खोळ. तिचं वजन चादरीपेक्षाही कमी, त्यामुळे तुमचं साडेसहा किलोचं मशीन हादरायचा प्रश्नच येत नाही.

आता मापं. 36 इंची क्रेट म्हणजे बाहेरून 36. आतल्या ट्रेचा सपाट भाग त्याहून लहान असतो, आणि प्लास्टिकच्या ट्रेचे कोपरे वर वळलेले असतात. टेप घेऊन ट्रेचा तळ मोजा, खोक्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. समजा तळ साडेचौतीस बाय साडेएकवीस भरला, तर फोम साडेतेहेतीस बाय साडेवीसचा कापून घ्या. चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच मोकळा राहतो. तेवढा लागतोच, कारण खोळ चढली की फोम फुगतो, आणि घट्ट बसवला तर कडा वर उचलल्या जातात. उचललेली कड कुत्र्याला दातात धरायला आयती सापडते.

जाडी दीड इंच पुरे. जास्त जाड घ्यायचा मोह होतो, मायेपोटीच होतो, पण क्रेटच्या आत कुत्र्याला मान न वाकवता उभं राहता आलं पाहिजे. तीन इंची गादी टाकली की तेवढी उंची कमी होते. शिवाय गादी दाराच्या खालच्या पट्टीच्या वर आली की दार उघडताच ती बाहेर सरकते आणि दार लावताना मध्ये येते.

फोम गादीवाल्याकडून कापून मिळतो. 32 डेन्सिटीचा मागा. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. 32 च्या मापाने तुमचा दीड इंची तुकडा अर्ध्या किलोच्या थोडा वर भरायला हवा. दुकानात काटा असेल तर ठेवून बघा. फारच हलका लागला तर तो फोम सोफ्याच्या पाठीचा असतो, चार महिन्यांत त्याची पोळी होते. चकलीच्या सतरा किलोंना 32 चांगला चालतो.

मधल्या खोळीला मी रेनकोटचं कापड वापरते. कटपीसच्या दुकानात मीटरवर मिळतं. रेक्झिन नको, ते जड असतं, लवकर तडकतं आणि त्यावर झोपलं की खालून दमट ओल धरते. पातळ प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नको. ती करकरते आणि आवाजाला घाबरणारं कुत्रं तिच्यावर जातच नाही. फाटली आणि गिळली गेली तर वेगळंच संकट. रेनकोटचं कापड शिवताना एक लक्षात ठेवा : सुई गेली तिथे भोक पडतं आणि त्यातून लघवी झिरपते. म्हणून वरच्या बाजूला एकही शिलाई येऊ देऊ नका, सगळे जोड बाजूला किंवा खाली घ्या.

वरच्या खोळीला शाळेच्या खाकी पँटचं कापड घ्या, टेरिकॉट ड्रिल. लोक मला म्हणतात, ताई, सुती नको का? माणसाच्या अंगाला सुतीच बरं. पण जाड सुती कॅनव्हास पाणी पिऊन बसतं आणि पावसात दीड-दोन दिवस वाळत नाही. टेरिकॉटमध्ये पॉलिस्टर असल्यामुळे ते पाणी कमी धरतं. ड्रिलची वीण घट्ट असते, नख अडकत नाही, केस वर वरच राहतात. टर्किश टॉवेलचं कापड चुकूनही घेऊ नका, त्याच्या फाशांत नख अडकून उचकटतं. मखमलीत केस रुतून बसतात. आणि ते लोकरीसारखं गुबगुबीत कापड फोटोत फार गोड दिसतं, पण कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळातच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. त्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो, आणि आपल्या दमट हवेत धापांचाही उपयोग कमी होतो. त्याच्या खाली लोकर कशाला?

पँटचं कापड 58 इंच पन्ह्याचं येतं. वर दिलेल्या मापाच्या फोमला एक मीटरमध्ये एक खोळ आरामात निघते. कापड आधी एकदा धुऊन घ्या म्हणजे नंतर आटणार नाही. मग 36 बाय 52 इंचाचा तुकडा कापा. 36 इंच ही खोळीची लांबी झाली : साडेतेहेतीस फोमचे, दीड जाडीचा, अर्धा अर्धा इंच दोन शिलायांचा. 52 इंच फोमभोवती फिरतात. वर-खाली आणि दोन्ही कडा मिळून 44, दोन्ही काठ दुमडायला एकेक इंच, आणि उरलेले 6 इंच एकावर एक चढतात. उशीच्या अभ्र्याला असतं तसं तोंड, फक्त ते खालच्या बाजूला मधोमध येतं. झिप लावू नका. झिपचा लोंबता तुकडा दाताला सापडतो, आणि ओल्या हवेत स्वस्तातली झिप गंजून बसते. बटणं नकोत, पायपिंग नको, नाव लिहिलेला बिल्लाही नको. टिपा दुहेरी मारा.

मी गेल्याच महिन्यात असं एक अंथरूण केलं, त्याचा हिशेब देते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून सगळं घेतलं. फोम 320, रेनकोटचं कापड 110, ड्रिल 140 रुपये मीटर. घरी शिलाई मशीन असेल तर तीन खोळींसकट 850 रुपये. बाहेरून शिवून घेत असाल तर एका खोळीला 50 धरा आणि दोन ड्रिलच्या खोळींवर सुरुवात करा, शिलाईसकट 860 होतात. तिसरी पुढच्या महिन्यात. मात्र जून-जुलैत तिसरी हवीच : एक अंथरलेली, एक वाळणारी, एक कपाटात.

धुण्याचं म्हणाल, तर केस आधी सुकेच काढा. भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने फिरवा, केसांच्या सुरळ्या होऊन निघतात. केसांसकट मशीनमध्ये टाकलं तर ते जाळीत अडकतात आणि तुमच्या कपड्यांवर येतात. लघवी झाली असेल तर आधी गार पाण्याखाली धरा, एकदम गरम पाण्यात टाकू नका, डाग आणि वास दोन्ही पक्के बसतात. साबण नेहमीच्या निम्मा, पाणी दोनदा. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलं की वास जातो. पण ब्लीचिंग वापरलं असेल त्या दिवशी व्हिनेगर नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. लघवीने भिजलेल्या कापडावरही थेट ब्लीच ओतू नका, कारण तेच. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रावण तर नकोच. त्याने कापडाची पाणी शोषायची ताकद जाते आणि कुत्र्याच्या नाकाला तो वास सोसवत नाही. फरशी पुसायला अमोनियाचा वास येणारं काही वापरू नका, कुत्र्याला तो लघवीचाच वास वाटतो आणि ते पुन्हा तिथेच बसतं.

वाळवताना खोळ पिळून झाली की कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा, निम्मं पाणी टॉवेल ओढून घेतो. मग उलटी करून, तोंड उघडं ठेवून, घरातच पंख्याखाली दोरीवर टाका. तुमच्या बॉक्स ग्रिलमध्ये टाकली तर पागोळ्यांनी पुन्हा भिजेल. सकाळी शिलायांवरून गरम इस्त्री फिरवा. राहिलेला ओलावा जातो.

या उष्णतेचा दुसरा उपयोग गोचिडांसाठी. रक्त पिऊन टम्म झालेली गोचिडीची मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते आणि अंधाऱ्या फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. अंथरुणाची शिवण, पायपिंग, ट्रेखालची जागा, जाळीचे सांधे या तिच्या आवडीच्या जागा. म्हणूनच मी वर एवढं सांगत होते की सजावट काहीही नको. गोचीड दिसली की टॉप लोडमध्ये धुण्याआधी खोळ बादलीत ठेवा, उकळतं पाणी ओता आणि अर्धा तास तशीच राहू द्या. ट्रे काढून खालची फरशी घासा. पण नुसतं अंथरूण धुऊन गोचीड जात नाही. कुत्र्याच्या अंगावरचं औषध डॉक्टरांना विचारून वेळेवर दिलंच पाहिजे, कारण गोचिडतापात कुत्रं हातचं जातं.

चकली ढगांना घाबरते असं लिहिलंत. तिच्या क्रेटवर तीन बाजूंनी जुनी चादर टाका, पुढची बाजू आणि हवा मोकळी ठेवा. आणि सासूबाईंची एखादी वापरून मऊ झालेली सुती साडी, न धुतलेली, घडी करून खोळीवर अंथरा. दिवसभर घरात तिच्याजवळ असतात त्या सासूबाईच. त्यांचा वास तिला धीर देईल. चकली कापड चावत नसेल तरच हे करा. सासूबाई पिंजरा म्हणोत, काही हरकत नाही. फक्त तिला शिक्षा म्हणून कधी आत घालू नका आणि दिवसा चार तासांहून जास्त कोंडून ठेवू नका.

प्रश्न : आमचा लॅब्रेडॉर 12 वर्षांचा, 34 किलोचा आहे. मागचे पाय दुखतात, उठायला वेळ लागतो. हल्ली झोपेत लघवी होते आणि उठल्यावर तो शरमल्यासारखा कोपऱ्यात जाऊन बसतो. त्याचे 42 इंची क्रेटचे दार आम्ही आता काढूनच टाकले आहे. कोणती गादी घ्यावी? — एक निवृत्त शिक्षक, खारघर

उत्तर : सर, दार काढलंत हे फार चांगलं केलंत. म्हातारपणी त्याला येजा मोकळी हवी.

गादीच्या आधी एक काम करा. झोपेत लघवी होणं हे नुसतं वय नसतं. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, पाठीच्या कण्याचं दुखणं, यातलं काहीही असू शकतं आणि बऱ्याचदा त्यावर इलाज असतो. सकाळची लघवी स्वच्छ डबीत घेऊन डॉक्टरांकडे जा. पाणी किती पितो हेही दोन दिवस मोजून ठेवा.

आता गादी. वर चकलीला सांगितलेला दीड इंची फोम त्याला अजिबात पुरणार नाही. दुकानात फोमवर कोपर टेकवा आणि अंगाचा भार द्या. खालची फळी कोपराला लागली तर त्याच्या कोपराला, नितंबाला फरशी लागणारच. जड कुत्र्यांच्या कोपरावर घट्टे पडतात, पुढे तिथे पाण्याची गाठ धरते, ती याचमुळे. खाली दोन इंच रिबॉन्डेड फोम घ्या, फोमचे तुकडे दाबून केलेला तो रंगीबेरंगी ठिपक्यांचा, जड असतो. त्यावर दीड-दोन इंच मऊ फोम. दोन्ही एकत्र रेनकोटच्या कापडात. खर्च दोन-अडीच हजारांपर्यंत जाईल, पण इथे हात आखडता घेऊ नका.

लघवीसाठी मेडिकलच्या दुकानात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचे पॅड मिळतात, 60 बाय 90 सेंटिमीटरचे. इंचात ते साधारण 24 बाय 35 होतं. रेनकोटच्या खोळीवर, कापडी खोळीच्या आत मागच्या अर्ध्या भागात पॅड आडवं टाका. रात्री एक, पहाटे बदला. कापडी खोळ अशा वेळी चार तरी करा. क्रेटपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत फरशीवर रबरी तळाची मॅट टाका, उठताना त्याचे पाय घसरणार नाहीत. आणि तो कोपऱ्यात जाऊन बसतो तेव्हा आधी त्याच्याजवळ जा, मग खोळ बदला. बारा वर्षं घर स्वच्छ ठेवलेलं जनावर आहे ते, त्याला फार वाईट वाटत असतं.

प्रश्न : चार महिन्यांचा बीगल. तीन आठवड्यांत तीन गाद्या फाडल्या. न फाटणारी गादी असते का? — वर्तकनगर, ठाणे

उत्तर : नसते. चौथी घेऊ नका.

त्याचे दुधाचे दात पडून पक्के येताहेत, हिरड्या शिवशिवतात. सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालणार. तोवर क्रेटमध्ये फोम नको, फायबरचं भरण नको, वर सांगितलेले लघवीचे पॅडही नकोत, त्यातली जेल पोटात गेलेली चालत नाही. जाड, एकपदरी, घट्ट विणीचं कापड ट्रेच्या मापाचं कापा, चारी काठ दुमडून शिवा आणि तेवढंच अंथरा. सतरंजी टाकणार असाल तर तिच्या दशा आधी पूर्ण कापा. लांब दोरा गिळला गेला तर तो आतड्याला चुण्या पाडत जातो आणि आतडं कापलं जातं. हे मी स्वतःच्या हातात असलेल्या एका पिल्लाच्या बाबतीत बघितलंय. ऑपरेशन करून ते वाचलं, पण त्या दोन रात्री मी विसरले नाही.

कापडही फाडायला लागला तर तेही काढा. कोऱ्या ट्रेवर झोपून धडधाकट पिल्लाला काही होत नाही, गिळलेल्या फोमने होतं. चावायला रबरी खेळणं द्या, ओला करून फ्रीजमध्ये गार केलेला जाड फडका तुमच्या समोर दहा मिनिटं द्या. आधीच्या तीन गाद्यांतलं भरण किती उरलं ते गोळा करून बघा. बरंच कमी वाटलं आणि तो उलट्या करत असेल, खात नसेल, शी होत नसेल, तर आजच्या आज डॉक्टर. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मीठच घातक ठरतं.

प्रश्न : एवढी छान गादी करून दिली, पण आमची गावठी कुत्री क्रेटमधून उठून न्हाणीघराच्या दाराशी लादीवर झोपते. गादी आवडली नसेल का? — कळवा

उत्तर : तिला उकडतंय. लादी गार असते, तिला ते कळतं. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात क्रेटमधली गादी दोन तृतीयांश लांबीची करा आणि पुढचा भाग मोकळा ठेवा. ती कधी पोट ट्रेवर टेकेल, कधी हनुवटी गादीवर. डिसेंबरात आपोआप आत जाईल.

प्रश्न : पार्व्होने आमचं पिल्लू गेलं. त्याची गादी अजून ठेवली आहे. दुसरं पिल्लू आणायचा विचार करतोय. तीच गादी धुऊन वापरली तर चालेल? — कोपरखैरणे

उत्तर : तुमचं दुःख मी समजू शकते. ती गादी ठेवावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण नव्या पिल्लाला ती देऊ नका. पार्व्होचा विषाणू साबणाने मरत नाही आणि घरात कित्येक महिने टिकतो. गादी दुहेरी पिशवीत बांधून टाकून द्या. आठवण म्हणून गळ्यातला पट्टा ठेवायचा असेल तर तो आधी ब्लीचमध्ये बुडवून मगच ठेवा. क्रेटची जाळी आणि ट्रे साबणाने घासून कोरडे करा, मग एका भागाला तीस भाग पाणी या प्रमाणात घरगुती ब्लीच घालून दहा मिनिटं ओले ठेवा, खिडक्या उघड्या ठेवून, आणि नंतर धुवा. प्लास्टिकच्या ट्रेला ओरखडे असतील तर ट्रे नवा घ्या. फरशीही तशीच पुसा. आणि नवं पिल्लू लसीचे सगळे डोस पूर्ण झालेलंच आणा, किंवा डॉक्टर सांगतील तितके महिने थांबा.

प्रश्न : जास्तीच्या खोळी कपाटात ठेवते. पावसाळ्यात वास येऊ नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकल्या तर चालतील का? — नेरूळ

उत्तर : नाही. त्या खोळींत तर नाहीच, कुत्र्याचं तोंड पोचेल अशा कोणत्याही कप्प्यातही नाही. नॅप्थलिनची एखादी गोळी चघळली गेली तरी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. कापराच्या वड्याही नकोत, तोही विषारीच. खोळ पूर्ण कोरडी करून, इस्त्री फिरवून, गार झाल्यावर घडी करा आणि सुती पिशवीत ठेवा. गरम असतानाच घडी केली तर आत वाफ धरते. कपाट आठवड्यातून एकदा तासभर उघडं ठेवून समोर पंखा लावा.

पुढच्या अंकासाठी अंथरुणाची मापं विचारणार असाल, तर क्रेटच्या खोक्यावरचा आकडा नको. ट्रेच्या तळाची लांबी-रुंदी इंचात, कुत्र्याचं वजन, आणि ते चावतं की नाही, एवढं जरूर लिहा.